सेवेत जखमी झालेला डोळा आणि अपिलाचा हक्क : अमेरिकेतील पार्श्वभूमी

सैन्यात असताना डोळ्याला झालेल्या इजेबद्दल मागितलेली भरपाई नाकारली गेली, तर अमेरिकेतील माजी सैनिकाला आज न्यायालयापर्यंत दाद मागता येते. मात्र या हक्कासाठी १९८८ साल उजाडावे लागले. १९३३ मध्ये अपिलांसाठी मंडळ स्थापन झाले खरे, पण ते दावे नाकारणाऱ्या प्रशासनाचाच भाग होते, आणि त्याच वर्षीच्या काटकसरीच्या कायद्याने प्रशासनाचा निर्णय अंतिम ठरवून न्यायालयांचा मार्ग बंद केला. त्यातच वकिलाला १० डॉलरपेक्षा अधिक शुल्क घेता येत नसे. यादवी युद्धाच्या काळात, १८६४ मध्ये, सैनिकांची लुबाडणूक होऊ नये म्हणून घातलेली ही मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येही वैध ठरवली. ज्या मर्यादेमुळे वकील मिळणेच दुरापास्त झाले, तिला संरक्षण म्हणणे मला पटत नाही. १९८८ च्या कायद्याने अखेर स्वतंत्र न्यायालय दिले. १९९० मध्ये त्या न्यायालयाने गिल्बर्ट खटल्यात स्पष्ट केले की दोन्ही बाजूंचा पुरावा तुल्यबळ असेल, तर संशयाचा फायदा सैनिकाला मिळालाच पाहिजे.

पुराव्याची अडचण मात्र खरीखुरी होती. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईस येथील अभिलेखागाराला आग लागली आणि १९१२ ते १९६० या काळात लष्करातून सेवामुक्त झालेल्यांच्या सुमारे ८० टक्के नोंदी नष्ट झाल्या. डोळ्यात धातूचा कण गेल्याची छावणीतील दवाखान्याची एकमेव नोंदच जळाली असेल, तर इजा सिद्ध करायची कशी? प्रत्यक्ष लढाईत असलेल्यांना १९४१ पासूनच्या तरतुदीचा आधार होता : युद्धप्रसंगाशी सुसंगत असे त्यांचे स्वतःचे निवेदन घटनेपुरते ग्राह्य धरले जाई, मात्र आजची दृष्टिहानी त्याच घटनेमुळे झाली, हे दाखवण्यासाठी सहसा वैद्यकीय मत लागतेच.

डोळ्यांसाठी वेगळा विचार १९६२ मध्ये झाला. एक डोळा सेवेत गेला आणि दुसरा पुढे सेवेशी संबंध नसलेल्या कारणाने गेला, तर दोन्ही सेवेतच गेले असे धरून भरपाई देण्याचे तेव्हा ठरले. त्यासाठीचा अंधत्वाचा निकष फार कडक होता. २००७ च्या कायद्याने तो प्रत्येक डोळ्यासाठी २०/२०० दृष्टीपर्यंत शिथिल केला. म्हणजे निरोगी डोळ्याला २०० फुटांवरून दिसणारे अक्षर ज्याला २० फुटांवरूनच वाचता येते, तोही पात्र ठरू लागला. दुसरा डोळा चांगला असेल तर एका डोळ्याच्या अंधत्वाला ३० टक्के आणि डोळाच काढावा लागल्यास ४० टक्के अपंगत्व धरले जाते. निव्वळ चष्म्याचा नंबर मात्र भरपाईस पात्र नाही, आणि म्हणूनच दृष्टी इजेमुळे मंदावली की नंबरामुळे, हा अनेक अपिलांतील कळीचा प्रश्न ठरतो.

२०१७ च्या सुधारणा कायद्यानुसार १९ फेब्रुवारी २०१९ पासून तीन वाटा उपलब्ध आहेत : वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरतपासणी, नव्या व संबंधित पुराव्यासह पूरक दावा, किंवा थेट मंडळाकडे अपील. फेरतपासणीत नवा पुरावा देता येत नाही. त्यामुळे नेत्रतज्ज्ञाचे नवे मत हाती असलेल्याला पूरक दावा किंवा मंडळ यांतूनच निवड करावी लागते, आणि मंडळाकडील अपील तर सर्वसाधारणपणे निर्णयापासून वर्षभराच्या आतच करावे लागते.