‘शिपाईमामांना कशाला पोलीस पडताळणी?’

मराठवाड्यातल्या पालकांच्या ग्रुपवर अधूनमधून एक मजकूर फिरतो: पोलीस पडताळणी फक्त शिक्षकांची लागते, शिपाई, खिचडी शिजवणाऱ्या ताई किंवा कंत्राटी माणसं यांना ती लागत नाही.

असं वाटणं साहजिक आहे. बीड-परभणीकडच्या खेड्यात शाळेचे मामा बहुतेक गावातलेच असतात, त्यांना कोण ओळखत नाही?

नियम मात्र वेगळं सांगतो. 2012 च्या पोक्सो कायद्याखालच्या (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) 2020 च्या नियमांतला नियम 3 बघा. मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थेनं प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी आणि पार्श्वभूमीची तपासणी करायची आहे. शिक्षक असो वा शिक्षकेतर, कायम असो वा कंत्राटी. त्यात ‘ठराविक काळानं’ असंही म्हटलंय, म्हणजे रुजू होताना एकदा कागद लावला की संपलं, असं नाही. ही बाजू बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

सरपंचांनी दिलेला वर्तणुकीचा दाखला? तो त्यांच्या ओळखीवर असतो. पोलीस त्यांच्याकडच्या गुन्ह्यांच्या नोंदी बघतात. अर्थात नोंदच नसेल तर पोलिसांच्या कागदातही काही दिसणार नाही, म्हणून आधी जिथं काम केलं तिथं चौकशी करणंही तितकंच गरजेचं.

खात्री करायची तर हे नियम इंटरनेटवर फुकट वाचता येतात. जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत व्यवस्थापन समितीचे किमान 75 टक्के सदस्य पालकच असतात; पुढच्या बैठकीत मुख्याध्यापकांना विचारा, कुणाकुणाची पडताळणी झाली आणि कधी.