बर्फाच्या मशीनचा पंप आणि बोअरचे पाणी

गेल्या वैशाखात बेळगावच्या शहापूर भागातील एका ओळखीच्या ज्यूस सेंटरमध्ये बर्फाचे मशीन नीट चालेना. वड्या अर्धवट भरलेल्या आणि दुधाळ निघत होत्या. “पंप दिवाळीतच नवीन बसवलाय की हो,” मालक काकुळतीने सांगत होते. बिघाड पुन्हा पंपातच होता, कारण जुना पंप ज्याने निकामी केला ते बोअरचे पाणी नव्या पंपालाही मिळत राहिले होते.

घरच्या फ्रिजमध्ये पाणी स्थिर असते आणि बर्फ कडेकडून आत सरकत जातो, त्यामुळे हवा व क्षार मध्यभागी कोंडून तो भाग पांढरा दिसतो. या मशीनमध्ये मात्र छोटा पंप तळाच्या टाकीतले पाणी वर चढवून उभ्या थंड पत्र्यावरून सतत खाली सोडतो. शुद्ध पाणी आधी गोठते आणि क्षार वाहत्या पाण्याबरोबर टाकीत परततात, म्हणून वड्या काचेसारख्या निघतात. एक किलो पाणी 25 अंश सेल्सिअसवरून शून्यावर आणताना सुमारे 105 किलोज्यूल उष्णता काढावी लागते, तर शून्यावरच्या त्याच पाण्याचा बर्फ करताना 334 किलोज्यूल. एवढी उष्णता पत्र्यापर्यंत आणून देण्याचे काम वाहते पाणीच करते. प्रवाह थांबला की पत्रा नुसताच थंड होत जातो, शीतकाची (मशीनमध्ये फिरून उष्णता वाहून नेणाऱ्या द्रव्याची) पूर्ण वाफ होत नाही आणि ते द्रवरूपात कॉम्प्रेसरकडे परतून त्यालाही इजा करू शकते. लहानशा पंपाकडे केलेले दुर्लक्ष असे महागात पडते.

क्षार मागे राहतात, हीच पंपाची अडचण. टाकीत दहा लिटर पाणी असेल, त्याची कठीणता, म्हणजे त्यात विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचे प्रमाण, लिटरमागे 200 मिलिग्रॅम असेल आणि त्यातील निम्म्याचा बर्फ झाला, तर उरलेल्या पाण्यात ती जवळपास दुप्पट होते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातील कठीणतेची स्वीकार्य मर्यादा 200 आहे. दुसरा स्रोत नसल्यास 600 पर्यंत मुभा आहे. शहराला राकसकोप जलाशयाचे आणि हिडकल धरणाचे पाणी मिळते, परंतु उन्हाळ्यात नळाला पाणी कमी आले की अनेक दुकाने बोअरवर विसंबतात आणि बेसाल्ट खडकातून झिरपलेले ते पाणी बऱ्याचदा जड असते. शिवाय पातळ थराने वाहताना पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुना अधिकच सुटून बसतो.

आम्ही तो पंप उघडला तेव्हा आतल्या पात्यांवर पानाच्या डब्यातल्या वाळलेल्या चुन्यासारखा थर होता. खरवडलेल्या भुकटीवर लिंबाचे चार थेंब पिळताच ती फसफसली. कॅल्शियम कार्बोनेट ओळखण्याची इतकी सोपी खूण दुसरी नाही.

पंपावर दोष ठेवण्यापूर्वी मशीन बर्फ गोठवण्याच्या टप्प्यात आहे ना, हे पाहावे. वड्या सुटून पडण्याच्या टप्प्यात बऱ्याच मशीनमध्ये पंप मुद्दाम बंद राहतो आणि त्या वेळी तपासणारा हमखास फसतो. टाकीत पाणी पुरेसे आहे आणि वरच्या नळीची भोके मोकळी आहेत, याची खात्री करावी. मग पंपाच्या टोकांवर वीज येते का, हे जाणकार इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटरने तपासून घ्यावे. वीज येत नसेल तर दोष स्विचमध्ये, वायरिंगमध्ये किंवा सर्किट बोर्डात शोधावा. वीज येऊन मोटर नुसती गुणगुणत असेल तर पाते अडकले आहे किंवा, असल्यास, कपॅसिटर गेला आहे. वीज पोहोचूनही काहीच आवाज नसेल तर वाइंडिंग, म्हणजे मोटरमधील तारेचे वेटोळे, तुटल्याचा संशय घ्यावा. घरघर म्हणजे बहुधा बेअरिंगची झीज.

पंप बदलताना मुख्य वीज आणि पाण्याची तोटी बंद करून टाकी रिकामी करावी, वायरींच्या जागांचा फोटो काढावा आणि नवा पंप त्याच व्होल्टेजचा व तेवढाच प्रवाह देणारा घ्यावा. नळीचा क्लिप जुना असेल तर तोही बदलावा. त्यात काटकसर नको. माझ्या मते मात्र खरे काम यानंतरचे आहे. त्याच दिवशी पूर्ण मशीनमधील चुना मशीनला चालणाऱ्या आम्लयुक्त द्रावणाने काढावा, पत्र्यावर निकेलचा मुलामा असेल तर त्याला सोसणारेच द्रावण वापरावे, आणि ब्लीचिंगचे पाणी त्यात कधीही मिसळू नये, कारण विषारी क्लोरीन वायू निघतो. त्यानंतर स्वच्छ पाण्याने मशीन पुन्हा पुन्हा धुऊन काढावे आणि पहिल्या दोन फेऱ्यांचा बर्फ गिऱ्हाइकाला न देता टाकून द्यावा.