खान्देशातून किनाऱ्याकडे: वसई-विरार-पालघर पट्ट्यातल्या स्वस्त घरांची पार्श्वभूमी

खान्देशाच्या तिन्ही जिल्ह्यांना समुद्र नाही. तरी धुळे, नंदुरबार, जळगावकडच्या गावागावांत असे एखादे तरी घर सापडतेच, ज्याचा मुलगा किंवा जावई नालासोपारा, विरार, पालघर, नाहीतर सुरतेच्या उधना-लिंबायतमध्ये राहतो. आखाजीला (अक्षय तृतीयेला) मंडळी गावी जमली की घराचा विषय निघतो. दोन एकर काळी जमीन विकायची की कर्ज काढायचे? विरारच्या अलीकडे घ्यायचे की पलीकडे? नुसता भाव पाहून याचे उत्तर शोधणाऱ्याची फसगत होते. किनाऱ्यालगतचे घर स्वस्त असते ते तीन कारणांनी: स्टेशन लांब, गोडे पाणी कमी किंवा जमिनीचे कागद कच्चे. आपल्याला मिळालेली सूट यांपैकी कशाची आहे, हे आधी ओळखावे लागते.

माणसे कुठे गेली हे रुळांनी ठरवले. मुंबई-ठाणे रेल्वे 1853 ला धावली आणि 1860 च्या दशकात तोच मार्ग भुसावळला पोहोचला. जळगाव, पाचोरा, चाळीसगावच्या माणसाला मनमाड-नाशिकमार्गे कल्याण जवळचे झाले ते तेव्हापासून. दुसरा रस्ता तापीकाठचा. 1900 च्या सुमारास तापी व्हॅली रेल्वेने सुरत आणि अमळनेर जोडले. नंदुरबार, दोंडाईचा, नवापूर, अमळनेरकडच्या लोकांसाठी त्यामुळे जवळचे मोठे शहर सुरतच ठरले. तिथल्या यंत्रमागांनी आणि कापड प्रक्रिया कारखान्यांनी त्यांना काम दिले. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा हे भाग खान्देशी वस्तीने भरले. ही वस्ती डुमसच्या समुद्रापासून लांब, रूळ आणि कारखाने यांच्या मधोमध वाढली, कारण तिथली जागा स्वस्त होती. पण नदी तीच, तापी, होती. ऑगस्ट 2006 मध्ये वरच्या खोऱ्यात पाऊस झाला, उकाई धरणातून प्रचंड विसर्ग करावा लागला आणि सुरतेचा मोठा भाग पाण्याखाली गेला. नदीच्या मुखाशी स्वस्त जागा घेताना वरच्या धरणाचाही विचार करावा लागतो, हे त्या आठवड्याने दाखवून दिले.

मुंबईच्या बाजूची गोष्ट वेगळी आहे. विरारहून मुंबईला पहिली लोकल 1867 ला सुटली, तेव्हा दिवसाला जाऊन-येऊन एकच गाडी होती. विजेची लोकल विरारपर्यंत 1936 ला पोहोचली. त्यानंतर कितीतरी वर्षे विरार हेच लोकलचे शेवटचे टोक राहिले. पुढे डहाणूपर्यंत लोकल गेली ती थेट 2013 मध्ये. चर्चगेटपासून वसई रोड सुमारे 52, विरार 60, पालघर 91 आणि बोईसर 103 किलोमीटर. विरारपर्यंत दर काही मिनिटांनी गाडी मिळते, पुढे एक चुकली तर दुसरीसाठी बराच वेळ ताटकळावे लागते. विरार ओलांडताच भाव उतरतो, त्याचे पहिले कारण हेच.

मुंबईबाहेर लोटणारा जोर मात्र मुंबईतच तयार झाला होता. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. भाड्यासाठी चाळी बांधणे परवडेनासे झाले आणि नवख्या कुटुंबापुढे पागडी (भाड्याच्या घरासाठी आधी द्यायची मोठी रक्कम) भरा किंवा लांब जा, एवढेच दोन मार्ग उरले. 1976 च्या नागरी जमीन कमाल मर्यादा कायद्याने शहरातली मोकळी जमीन अडकवली. महाराष्ट्राने तो कायदा 2007 ला रद्द केला. मधल्या काळात, जानेवारी 1982 पासून गिरणी संप झाला. गिरणगावातली हजारो कुटुंबे पश्चिम रेल्वेने उत्तरेकडे सरकली.

त्यांना जागा मिळाली ती वसई तालुक्यात, आणि ती जागा रिकामी नव्हती. समुद्राच्या बाजूला केळी, पानवेल आणि भाजीच्या वाड्या होत्या. रावेर-यावलच्या शेतकऱ्याला ऐकून नवल वाटेल, पण मुंबईच्या बाजारात वसईच्या केळ्यांचे मोठे नाव होते आणि आगाशीची सुकेळी आजही ओळखली जातात. या वाड्या बावखळांवर जगत. बावखळ म्हणजे वाडीत खणलेले उथळ तळे. पावसाचे गोडे पाणी त्यात साठते, वाळूतून खाली मुरते आणि जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. पूर्वेला, रुळांच्या पलीकडे, भातखाचरे आणि मिठागरे होती. भरतीचे पाणी पसरायला ती मोकळी जागा लागे.

1980 च्या दशकाच्या अखेरीस हा हरित पट्टा बांधकामासाठी खुला करण्याचे धोरण आले आणि 1990 मध्ये सिडकोला, म्हणजे राज्याच्या नगरविकास महामंडळाला, इथले नियोजन प्राधिकरण नेमले गेले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली ती याच विरोधात. चळवळीने पश्चिमेकडच्या वाड्यांचा काही भाग वाचवला. बांधकामाचा लोट पूर्वेकडे, नालासोपारा-विरारच्या सखल भागात वळला. 3 जुलै 2009 ला चार नगरपरिषदा आणि 53 गावे मिळून वसई-विरार महापालिका झाली, तोवर इमारती उभ्या राहिल्या होत्या. 2011 च्या जनगणनेत इथली लोकसंख्या 12 लाखांच्या पुढे निघाली. आधी माणसे आली, मग नळ, गटार आणि नकाशा आला. आजच्या बहुतेक अडचणी या उलट्या क्रमातून आल्या आहेत.

पाण्याचे उदाहरण घ्या. विरार-बोळींजला म्हाडाने, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने, मोठी वसाहत बांधली. इमारती सरकारी, कागद चोख, तरी हजारो घरे बरीच वर्षे विकली गेली नाहीत. पाणीटंचाई हे त्यामागचे एक ठळक कारण होते. सूर्या प्रादेशिक योजनेतून रोज 403 दशलक्ष लिटर पाणी आणायचे ठरले, त्यात वसई-विरारचा वाटा 185 आणि मीरा-भाईंदरचा 218. वसई-विरारचा पुरवठा सुरू झाल्यावर चित्र बरेच सुधारले. तरी महापालिकेचे पाणी शहरात आले म्हणजे आपल्या इमारतीत आले असे होत नाही. सोसायटीच्या नावावर नळजोडणी आहे का, तिचे बिल येते का, हे कागदावर पाहावे. बिल्डर 'पाणी चोवीस तास' म्हणतो तेव्हा ते बहुधा बोअर आणि टँकरचे असते. बोअरच्या पाण्यात क्षार किती हे खिशात मावणाऱ्या टीडीएस मीटरने एका मिनिटात कळते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची इष्ट मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 2,000 पर्यंत चालते. आकडा त्याच्या वर गेला तर गिझर, नळ, वॉशिंग मशीन सगळे लवकर खराब होणार आणि प्यायला जार विकत घ्यावे लागणार. हा खर्च महिन्याच्या हप्त्यात मिळवून मगच घर स्वस्त की महाग ते ठरवावे.

पाण्याची दुसरी बाजू पुराची. जळगावात वर्षाला सुमारे 700 मिलिमीटर पाऊस पडतो, किनाऱ्यावर 2,000 च्या वर. आपल्याकडे नाल्याला पूर येतो आणि काही तासांत ओसरतो. इथे भरती असेल तर पाण्याला जायला वाटच नसते. जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्याला रूळ बुडाले, वसई-विरार लोकल बंद पडली, वीज गेली आणि मिठागरातले कामगार अडकून पडले. बावखळे आणि मिठागरे बुजवून तिथे भराव पडल्यावर ते पाणी शेजारच्या जुन्या, खालच्या इमारतीत शिरते. नवी इमारत उंच जोत्यावर असेलही, पण स्टेशनचा रस्ता खालून जात असेल तर तिचा उपयोग अर्धाच. खान्देशातले लोक घर बघायला दिवाळीच्या सुट्टीत किंवा उन्हाळ्यात जातात. दिवाळीत पाणीही असते आणि रस्ताही कोरडा असतो, म्हणजे दोन्ही दोष झाकलेले. त्यापेक्षा एकदा मे महिन्यात जावे, तेव्हा टँकर किती येतात ते दिसते. आणि एकदा जुलै-ऑगस्टमध्ये, अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपास, साडेचार मीटरच्या वरची भरती असेल त्या दिवशी. तळमजल्याच्या भिंतींवर, मीटरच्या पेटीखाली पाण्याची रेघ उमटली आहे का ते पाहावे. आतला रंग नवा असतो, जिन्याखालचा बहुधा जुनाच राहतो.

तिथेच पार्किंगमधले कॉलमही न्याहाळावेत. खान्देशाच्या कोरड्या हवेत सळईला गंज चढायला वेळ लागतो, म्हणून आपल्याकडे हे कोणी बघत नाही. खाऱ्या हवेत क्षार काँक्रीटमधून सळईपर्यंत जातात, गंजलेली सळई फुगते आणि वरचे काँक्रीट फोडते. कॉलमच्या तळाशी सळईच्या रेषेत उभी चीर, तिच्यातून ओघळलेला तांबूस डाग आणि बोटाच्या टिचकीला येणारा पोकळ आवाज या तीन खुणा एकत्र दिसल्या तर दुरुस्ती मोठी निघते. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनाऱ्याच्या उघड्या हवेत सळईवर किमान 45 मिलिमीटर काँक्रीटचे आवरण आणि एम 30 दर्जाचे काँक्रीट हवे. घाईत बांधलेल्या इमारतींत ते पाळले गेले असेल असे धरून चालू नये. इमारत 15 वर्षांपेक्षा जुनी असेल तर सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागावा. ऑगस्ट 2025 मध्ये विरारला अनधिकृत इमारत कोसळून 17 जण गेले. त्यामुळे अहवाल दाखवायला टाळाटाळ झाली, तर व्यवहार तिथेच थांबवणे शहाणपणाचे.

कागदांची बाजू सर्वात अवघड आणि सर्वात महागात पडणारी. नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव जमिनीवर 41 इमारती उभ्या राहिल्या, लोकांनी घरे विकत घेतली, संसार थाटले. 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितले आणि 2025 च्या सुरुवातीपर्यंत त्या जमीनदोस्त झाल्या. रहिवाशांकडे कागद नव्हते असे नाही. ज्या कागदावर लोक विसंबतात तोच अपुरा असतो. नोंदणीकृत करारनामा म्हणजे व्यवहाराची नोंद आणि मुद्रांक शुल्काची पावती. इमारतीला परवानगी आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही. घरपट्टीची पावतीही तशीच. महापालिका अनधिकृत बांधकामावरही कर लावते, वर दंड म्हणून 'शास्ती' आकारते. घरपट्टीच्या बिलात शास्तीच्या रकान्यात आकडा दिसला, तर महापालिकेनेच त्या इमारतीला अनधिकृत म्हटले आहे, असे समजावे.

गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या महारेरा प्राधिकरणाचा क्रमांक मे 2017 पासून आला आणि ग्राहकाचे बळ वाढले. नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, ग्राहकांच्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. पण कल्याण-डोंबिवलीतल्या 65 इमारतींनी बनावट परवानग्या दाखवून हा क्रमांक मिळवला होता. म्हणून बांधकाम परवानगीच्या पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख घेऊन नगररचना विभागातच खातरजमा करावी. सातबाऱ्यावरचा सर्व्हे नंबर देऊन झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा मागावा. आरक्षण असेल तर तिथे दिसते. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) नसलेले तयार घर कितीही स्वस्त असो, घेऊ नये. खाडीजवळच्या भूखंडासाठी सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची रेषा, पाहावी लागते. 1991, 2011 आणि 2019 च्या अधिसूचनांनी रेषा बदलत गेल्या आहेत, आणि खारफुटीपासून 50 मीटरचा पट्टा मोकळा ठेवणे न्यायालयाने बंधनकारक केले आहे. 'समुद्र दिसणारा एनए (बिगरशेती) प्लॉट' म्हणून जे विकले जाते, त्यातले बरेच याच रेषेत अडकते.

क्षेत्रफळाचा हिशेब गावाकडचा माणूस अंगणासकट करतो, इथे तो भिंतीच्या आत करायचा. 600 फुटांचा वन बीएचके 40 टक्के लोडिंग (जिना, लॉबीसारख्या सामाईक जागेचा वाटा) लावून विकला असेल तर कार्पेट 428 फूट भरते. भाव विचारायचा तो कार्पेटच्या फुटाचा. करार घरातल्या स्त्रीच्या नावे केल्यास मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. नोंदणी फी 1 टक्का, जास्तीत जास्त 30,000 रुपये.

आता निवड. नंदुरबार, शहादा, दोंडाईचाकडच्या कुटुंबाला पश्चिम रेल्वेचा किनारा सोयीचा, कारण गावची गाडी सुरतेवरून बोईसर, पालघर, विरार असाच रस्ता धरते. मुंबईत रोजची नोकरी असेल तर विरारच्या पुढे जाऊ नये; दोन्ही वेळचा प्रवास मिळून चार तासांवर गेला की मुलांचा बाप घरी फक्त झोपायला येतो. नोकरी बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत असेल तर पालघर उत्तम. डहाणूजवळ होऊ घातलेल्या वाढवण बंदराच्या जोरावर डहाणू-पालघरकडे भूखंड खपवले जात आहेत. पण डहाणू तालुका 1991 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील आहे, तिथल्या बांधकामावर आणि उद्योगांवर निर्बंध आहेत, हे विक्रेता सांगत नाही. भुसावळ-जळगाव-चाळीसगावच्या लोकांना कल्याण-ठाण्यावरून उतरणे सोपे. त्यांनी किनारा हवाच असेल तर ठाणे-वाशी मार्गाने नवी मुंबईतल्या उलवे-द्रोणागिरीकडे बघावे. उरणची लोकल आणि अटल सेतू (शिवडी-न्हावा शेवा सागरी पूल) या दोन्हींचे उद्घाटन 12 जानेवारी 2024 ला झाले. तिथली जमीन सिडकोची आणि भाडेपट्ट्याची, त्यामुळे घर हस्तांतरित करताना सिडकोची परवानगी आणि शुल्क लागते. ते कोण भरणार, हे टोकन देण्याआधी लेखी ठरवून घ्यावे.

वसई रोड हे दोन्ही रस्त्यांचे मधले ठिकाण. तिथून भिवंडीवरून दिव्याला लाईन जाते, म्हणजे मध्य रेल्वेवरची नोकरी आणि पश्चिमेचे घर जोडता येते. मात्र त्या मार्गावर गाड्या मोजक्याच आहेत. घराचा नकाशा पाहण्याआधी त्यांचे वेळापत्रक पाहावे, आणि आपल्या कामाची सुटण्याची वेळ त्यात बसते का ते ताडून घ्यावे.