घरचा अद्रक सोडा : सामान, यीस्ट आणि नागपूरचं ऊन
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

काउंटरवर सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आधी निकाली काढू. "भाऊ, घरी बिअर करायचा किट आहे का?" नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ सालचा आहे आणि परवान्याशिवाय दारू तयार करणं हा त्यात गुन्हा आहे. स्वतःपुरतीच केली, विकली नाही, मित्रांना फुकट पाजली, यातली कोणतीही सबब तिथे चालत नाही. शहरांतल्या मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बिअर करून विकणारी छोटी ठिकाणं, रीतसर परवान्यावर चालतात. इंग्लंडमध्ये घरगुती बिअरवरची परवान्याची अट १९६३ साली गेली. अमेरिकेत १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या सहीनंतर केंद्रीय कायद्याने मोकळीक मिळाली. तिकडे शिकून किंवा नोकरी करून आलेली मुलं तेच सामान इथे मागतात, त्यांना नवल वाटणं साहजिक आहे. पण आपण नागपुरात आहोत, शेजारचा वर्धा दारूबंदीचा जिल्हा आहे आणि गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. मोहफुलांबद्दलही विचारू नका.

मग आम्ही विकतो काय? बिअरच्या छंदात जे खरं हातकाम असतं, म्हणजे यीस्ट सांभाळायचं, तापमान राखायचं, बाटलीत फसफस आणायची, ते सगळं अद्रकाच्या सोड्यात करता येतं. दुकानातलं निम्मं सामान त्यासाठीच आहे. हे पत्रक त्या सोड्याबद्दल आहे.

अल्कोहोलचा हिशेब

हा हिशेब समजल्याशिवाय यीस्टची पुडी घरी नेऊ नका. यीस्ट साखर खातं तेव्हा कार्बन डायऑक्साइड आणि अल्कोहोल जवळपास सारख्याच वजनाचे तयार होतात. लिटरमागे ८ ग्रॅम साखर खाल्ली गेली की सुमारे ४ ग्रॅम वायू मिळतो, म्हणजे चांगली फसफस, आणि त्याच वेळी अल्कोहोल अर्ध्या टक्क्याच्या आसपास पोहोचतं. देशाच्या खाद्यसुरक्षा नियमांनुसार ०.५ टक्क्याच्या वर गेलेलं पेय मद्यात मोजतात. म्हणून आमच्या रीतीत यीस्टला पोटभर जेवू द्यायचंच नाही. जेमतेम फसफस आली की बाटली फ्रिजमध्ये, आणि आठवड्याच्या आत संपवायची.

लहान मुलं, गरोदर बाई, औषधं चालू असलेली मंडळी किंवा ज्यांना थेंबभरही अल्कोहोल नको, त्यांच्यासाठी यीस्टचा रस्ता सोडून द्या. अद्रकाचं सरबत गार करून सोडा मशीनच्या सोड्यात मिसळा. चव उणी होत नाही. शून्य म्हणजे शून्यच हवं, कायद्याच्या दृष्टीनेही, तर हाच मार्ग.

सामान

पाच लिटरचा स्टीलचा गंज घरात असतोच. बाकी लागतं ते बारीक जाळीची गाळणी, नरसाळं, थर्मामीटर, हायड्रोमीटर आणि थंड पेयांच्या प्लास्टिकच्या बाटल्या. पाण्याच्या बाटल्या नकोत, त्या वायूचा दाब सोसण्यासाठी केलेल्या नसतात. काचेच्या बाटल्या दिसायला सुंदर, पण पहिल्या काही खेपांना आम्ही त्या देतच नाही. प्लास्टिकची बाटली बोटाने दाबून आतला दाब कळतो, काचेची फुटेपर्यंत काही सांगत नाही.

एअरलॉक, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणारी पण बाहेरची हवा आत न घेणारी झडप, शेल्फवर आहे, दिसतो छान, म्हणून बरेच जण उचलतात. या सोड्याला तो लागत नाही. लांब चालणाऱ्या आंबवणीचं ते साधन आहे. कोबी मिठात आंबवणार असाल तर न्या, नाहीतर पैसे वाचवा.

हायड्रोमीटर मात्र घ्या. काचेची ही नळी द्रवात तरंगते आणि साखर किती आहे ते सांगते. साध्या पाण्यात १.०००, आपल्या सोड्याच्या सुरुवातीला साधारण १.०३१. यीस्टने साखर खाल्ली की आकडा उतरतो. तो ०.००४ ने उतरला म्हणजे अल्कोहोल सुमारे अर्धा टक्का झालं, म्हणून ०.००३ वर थांबायचं. दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, बहुतेक हायड्रोमीटर २० अंशांसाठी आखलेले असतात. ४० अंशांच्या पाण्यात तेच काचेचं यंत्र ०.९९४ दाखवतं, त्यामुळे नमुना गार करून मोजा. दुसरं, फसफसत्या द्रवात बुडबुडे नळीला चिकटून तिला वर उचलतात. नमुना दोन पेल्यांत आठ-दहा वेळा वरखाली ओतून वायू काढा, मग नळी हळूच फिरवून सोडा आणि डोळा पातळीवर नेऊन वाचा.

स्वच्छतेबद्दल थोडक्यात : आधी धुवा, मग निर्जंतुक करा, हा क्रम उलटा चालत नाही. स्टील आणि काचेला उकळतं पाणी पुरतं. प्लास्टिकसाठी आमच्याकडचं जंतुनाशक द्रावण वापरा, त्यानंतर पुन्हा धुवावं लागत नाही, प्रमाण बाटलीवर आहे. लोणच्याची जुनी प्लास्टिक बरणी कितीही घासली तरी वास सोडत नाही, आणि ओरखड्यांत जंतू बसतात.

यीस्ट

यीस्ट जिवंत असतं आणि आमच्या दुकानातला तेवढाच माल उन्हात मरतो. कुरिअरच्या गाडीत मे महिन्यात दोन दिवस फिरलेली पुडी बाहेरून अगदी ठणठणीत दिसते. म्हणून उन्हाळ्यात आम्ही यीस्ट घरपोच पाठवत नाही. थर्मास किंवा बर्फाचा डबा घेऊन या, फ्रिजमधून काढून देतो, घरी नेऊन लगेच फ्रिजमध्ये ठेवा. फोडलेली पुडी घट्ट झाकणाच्या छोट्या बरणीत, तीही फ्रिजमध्ये. ओलावा लागला की गेली.

कोणतं घ्यायचं? ब्रेडचं ड्राय यीस्ट चालतं, स्वस्त आहे, फक्त ते तळाशी नीट बसत नाही आणि सोडा गढूळ राहतो. बिअरचं एल प्रकारचं यीस्ट १८ ते २२ अंशांत उत्तम काम करतं, गाळ बाटलीच्या बुडाशी घट्ट बसतो आणि चव स्वच्छ राहते. ११ ग्रॅमची पुडी वीसेक लिटर बिअरच्या मापाची असते. आपल्या ५ लिटरला १ ग्रॅम, म्हणजे पाव चमचा, पुष्कळ झालं. लागर यीस्ट, म्हणजे थंडीत आंबवायच्या बिअरचं, मुद्दाम टाळा. ते ८-१० अंशांतही काम करत राहतं, म्हणजे जरा कमी गार असलेल्या फ्रिजमध्ये त्याची सुट्टी होत नाही. शॅम्पेन यीस्टची शिफारस पुष्कळ जण करतात. आमच्या मते सोड्यासाठी ते फारच खादाड आहे.

नागपूरकरांसाठी खास आवडीचं म्हणजे क्वाइक. नॉर्वेतल्या शेतकरी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं हे यीस्ट, जुन्या काळी लाकडी कड्यांवर वाळवून ठेवायचे. ३० ते ४० अंशांत ते कुरकुर न करता चालतं. एप्रिलपासून आम्ही हेच पुढे करतो.

भिजवण्याची रीत अशी. दहापट पाणी घ्या, ३० ते ३५ अंश, थर्मामीटरने मोजून. बोट घालून अंदाज करू नका, आणि मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी नळातून थेट घेऊ नका, हात भाजतो तिथे यीस्टचं काय होणार. पाण्यावर दाणे पसरा, ढवळू नका, पंधरा मिनिटं थांबा. चिमूटभर साखर टाकल्यावर वर मलईसारखा फेस आला तर यीस्ट जिवंत आहे. काहीच हाललं नाही तर सरबत वाया घालवू नका, पुडी परत आणा, बदलून देऊ. शेवटचं, भिजवलेलं यीस्ट आणि सरबत यांच्या तापमानात १० अंशांहून जास्त फरक नको.

यीस्टवरचं आजचं बरंचसं शास्त्र बिअरवाल्यांनी उभं केलं. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हॅन्सन यांनी १८८३ साली एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं. आंबटपणा मोजायचं पीएच हे मापही त्याच प्रयोगशाळेतलं, १९०९ सालचं. अद्रकाच्या पेयाचा अभ्यास इंग्लंडच्या मार्शल वॉर्ड यांनी केला आणि १८९२ साली दाखवून दिलं की घराघरांत फिरणारं ते "जिंजर बिअर प्लांट" म्हणजे झाड नसून यीस्ट आणि जिवाणूंचा एकत्र संसार आहे. आजही काही ग्राहक अद्रक आणि साखर बरणीत रोज थोडी थोडी घालून तसलं रानटी विरजण तयार करतात. विरजणासारखंच ते शेजाऱ्याकडून मागून आणता येतं. चव बहारदार, पण जोर किती ते दर वेळी वेगळं, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याने पुडीच वापरावी.

कृती, ५ लिटरची

दीडशे ग्रॅम ताजं अद्रक स्वच्छ धुऊन घ्या, साल काढायची गरज नाही. अर्धं ठेचून दोन लिटर पाण्यात ४०० ग्रॅम साखरेबरोबर दहा मिनिटं उकळा. उरलेलं किसून, पिळून रस बाजूला ठेवा. उकळल्यावर अद्रकाचा तिखटपणा मवाळ होतो. कच्च्या रसाने तो परत येतो. रस दहा मिनिटं स्थिर ठेवला की तळाशी पांढरा थर बसतो, तो स्टार्च आहे, वरचा रस अलगद ओतून घ्या. सरबत गाळा आणि उकळून गार केलेलं पाणी घालून एकूण पाच लिटर करा. उकळल्याने नळाच्या पाण्यातलं क्लोरीनही जातं. २५-३० अंशांपर्यंत उतरलं की अद्रकाचा रस, दोन लिंबांचा रस आणि भिजवलेलं यीस्ट घालून ढवळा. हायड्रोमीटरचा आकडा लिहून ठेवा. लगेच बाटल्या भरा, वर तीन बोटं जागा सोडा, झाकण घट्ट. एक लहान बाटली चाचणीची म्हणून वेगळी भरा.

आता पहारा. कूलरच्या खोलीत, २८-३० अंशांत, दिवसभरात बाटली घट्ट होऊ लागते. डिसेंबरच्या थंडीत, रात्री पारा दहाकडे जातो तेव्हा, दोन-तीन दिवसही लागतात. गोधडीत गुंडाळून स्वयंपाकघरात ठेवा. मे महिन्यात मात्र दर तीन-चार तासांनी दाबून पाहा. कूलर नसेल तर पाण्याच्या परातीत बाटल्या उभ्या करून वर ओलं कापड टाका; कोरड्या हवेत याने बराच फरक पडतो, पावसाळ्यात काही उपयोग नाही. अंगठ्याने जोरात दाबल्यावर बाटली किंचितच दबली की चाचणीची बाटली उघडून आकडा पाहा आणि सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये टाका. दगडासारखी कडक होईपर्यंत थांबू नका. २५ अंशांच्या तुलनेत ४० अंशांत पाण्यात सुमारे तीस टक्के कमी वायू विरघळतो, उरलेला सगळा बाटलीवर दाब टाकतो. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत हा सोडा कधीही ठेवू नका. लाइट बराच वेळ गेली असेल तर फ्रिज उघडून पुन्हा दाबून पाहा.

संत्र्याचा प्रयोग सगळेच करतात, करावाच. कळमन्याहून आणलेली संत्री असोत की अंगणातली, रस काढून ठेवला की काही वेळाने कडवट होतो, बियांमुळे तर जास्तच. म्हणून बी न चिरडता रस काढा आणि पिताना पेल्यात मिसळा. सालीचा फक्त केशरी भाग किसून सरबताला शेवटची दोन मिनिटं द्या, पांढरा भाग नको.

आणि ज्यांना बिअरचाच वास हवा आहे त्यांच्यासाठी हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी एका वेलीची फुलं. आपल्या देशात ते हिमाचलच्या लाहौल भागात पिकतात. लिटरभर पाण्याला दोन-तीन ग्रॅम, ७५-८० अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं, गाळून, गार करून, सोडा मशीनने वायू भरायचा. यीस्ट नाही, अल्कोहोल नाही, कडसर सुगंध पुरेपूर. पाकीट डीप फ्रीझरमध्येच ठेवा. पिवळं पडून चीजसारखा वास आला तर फेकून द्या.

रविवारची मंडळी

महिन्यातून एका रविवारी सकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत चाखण्याची बैठक असते. प्रवेश फुकट, स्वतःची बाटली आणि पेला आणायचा. अमेरिकेतल्या बिअर परीक्षकांची ५० गुणांची पद्धत आम्ही सोड्यासाठी उचलली आहे : वासाला १२, दिसण्याला फक्त ३, चवीला २०, तोंडात कसं लागतं त्याला ५, एकूण मताला १०. गढूळ सोड्याने कोणी हरत नाही ते यामुळेच. "मस्त आहे बाप्पा" एवढ्यावर कोणाची सुटका होत नाही, कारण सांगावं लागतं. कुजक्या अंड्यासारखा वास म्हणजे यीस्ट उपाशी किंवा त्रासात. नेलपॉलिशचा वास बहुतेक वेळा जास्त उष्णतेचा. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे काम अर्धवट राहिलं, आणि आपल्या सोड्यात आपण ते मुद्दामच अर्धवट थांबवतो, त्यामुळे तो थोडा चालवून घेतो. नव्या माणसाला पहिल्या दिवशी कोणी हसत नाही, पण लेबलावर तारीख आणि यीस्टचं नाव नसेल तर बाटली उघडली जात नाही. बैठकीत दारू आणायची नाही, बाहेरून विकत घेतलेलीही नाही.

रिकाम्या, धुतलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या दुकानात जमा करा, गरजूला देतो. हायड्रोमीटर फुटलेला असेल तर बदलून मिळणार नाही. मार्च ते जून यीस्ट आणि हॉप्सची विक्री सकाळी अकराच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर, आणि थर्मास नसेल तर देणार नाही.