डायोस्कुरिडीझ

डायोस्कुरिडीझ : (इ. स. पू. पहिल्या शतकाचा उत्तरार्ध). रोमन सम्राट ऑगस्टसची मुद्रा कोरणारा ग्रीक रत्नशिल्पी. औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिणारा याच नावाचा वैद्य पुढच्या शतकातला. त्याच्याशी याची गल्लत करू नये. या कारागिराचे चरित्र दोन लॅटिन उल्लेख, मुलांच्या सह्या आणि मोजकी स्वाक्षरित रत्ने यांवरूनच जुळवावे लागते. रोमन लेखक प्लिनी याने अलेक्झांडरचा रत्नशिल्पी पिर्गोटेलीझ याच्यानंतर अपॉलोनायडीझ व क्रोनिअस यांच्याबरोबर त्याचे नाव घेतले असून, त्याने कोरलेली ऑगस्टसची प्रतिमा हुबेहूब होती, असे म्हटले आहे.

त्याच्या मूळ गावाचा वाद एका ओळीवर उभा आहे. त्याचा मुलगा यूटिकीझ याने पारदर्शक स्फटिकावर अथेना देवीचा अर्धपुतळा कोरला. हे रत्न आज बर्लिनच्या संग्रहात आहे. त्यावरील लेखाचा अर्थ ‘डायोस्कुरिडीझचा मुलगा, एजीआईचा यूटिकीझ याने केले’ असा आहे. ‘एजीआईचा’ हे विशेषण बापाला लावून काहींनी डायोस्कुरिडीझलाच एजीआईकर ठरवले. व्याकरण मात्र तसे सांगत नाही. बापाचे नाव षष्ठीत आहे आणि विशेषण प्रथमेत, म्हणजे ते मुलाकडे जाते. बापाचे गाव तेच होते, हा केवळ तर्क. शिवाय या नावाची गावे एकाहून अधिक होती. आशिया मायनरच्या पश्चिम किनाऱ्यावरील ईओलिसमधल्या गावाच्या नाण्यांवर नागरिकांचे नाव वेगळ्या रूपात येते. आग्नेय किनाऱ्यावरील सिलिशियातल्या गावाच्या नाण्यांवरचे रूप यूटिकीझच्या लेखाशी जुळते. त्यामुळे सिलिशियाचा पक्ष सबळ वाटतो. हा लेख अठराव्या शतकातला बनाव असल्याची शंका घेण्याचे कारण नाही, कारण अँकोनाच्या सिरिअॅकस या प्रवाशाने १४४५ मध्येच तो नोंदवला होता. अथेनेला मात्र तो अलेक्झांडर समजला.

ऑगस्टसच्या मुद्रांचा क्रम रोमन चरित्रकार स्वेटोनिअस याने दिला आहे : आधी स्फिंक्स, मग अलेक्झांडरचे मस्तक आणि शेवटी डायोस्कुरिडीझने कोरलेली स्वतःची प्रतिमा. ही शेवटची मुद्रा केव्हा घडली, याचा सन तो देत नाही. राजवट स्थिरावल्यावर, म्हणजे इ. स. पू. २७ च्या पुढे, ती धरणे सयुक्तिक. पुढील सम्राटही तीच वापरत. इतिहासकार डिओ कॅशिअसच्या मते अपवाद एकट्या गॅल्बाचा. त्याने जहाजाच्या नाळेवरून डोकावणारा कुत्रा ही आपल्या घराण्याची मुद्रा वापरली. मूळ मुद्रा उपलब्ध नाही.

स्वाक्षरित रत्नांत इंग्लंडमधील चॅट्सवर्थ संग्रहातील डायोमिडीझ सर्वांत महत्त्वाचा. ट्रॉयची रक्षक मूर्ती चोरून वेदीवरून उतरू पाहणारा हा वीर अंगठीत मावणाऱ्या खड्यात कोरलेला आहे. एक पाय वेदीवर दुमडलेला, दुसरा खाली उतरण्याच्या बेतात. अंगाचा सगळा भार या दोहोंमध्ये तोललेला. अंगठीच्या खड्यात इतका तोल साधणे हे असामान्य कसब होय. हाच प्रसंग फेलिक्स या कारागिराने ओडिसिअससह कोरला. ते रत्न ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन संग्रहालयात आहे.

अकीक, स्फटिक यांसारख्या खड्यांवर लोखंडी टोक चालत नाही. कमानीने फिरणाऱ्या सामत्यासारख्या आरीच्या टोकाला तेलात कालवलेली कुरुंदाची भुकटी लावत. दगड कापते ती भुकटी, हत्यार नव्हे. लोखंडात बसवलेल्या हिरकण्या खोदकाऱ्यांना फार हव्या असत, असे प्लिनी सांगतो. मुद्रेत सगळेच उलटे : सर्वांत खोल खळगा मेणावर सर्वांत उंच उठतो, डावे उजवे होते. त्या काळच्या सह्यांत अक्षरांच्या टोकांना बारीक टिंबे असतात. आधी टिंबे पाडून मग ती केसाएवढ्या रेषांनी जोडलेली दिसतात.

कच्चा माल बराचसा भारतातून जाई. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणहून गाड्यांवर, वाट नसलेल्या मुलखातून, भडोचला येणाऱ्या ऑनिक्स दगडांचा उल्लेख आहे. दख्खनच्या बेसाल्टच्या पोकळ्यांत असे पट्टेदार दगड आजही सापडतात.

व्हिएन्नातील ‘गेम्मा ऑगस्टिआ’ हे सुमारे १९ × २३ सेंमी. चे दुरंगी उठावशिल्प त्याच्या नावावर घालण्याचा प्रघात आहे. त्यावर सही नाही. रथातून उतरणारा ऑगस्टसचा वारस टायबीरिअस पाहता ते इ. स. १० च्या आसपासचे किंवा नंतरचे ठरते. तोवर डायोस्कुरिडीझ बराच वृद्ध असणार. ते त्याच्या शिष्यपरंपरेचे मानणे अधिक सुरक्षित.

रत्नसंग्राहक फिलिप फॉन श्टॉश याने १७२४ मध्ये स्वाक्षरित रत्नांचा सचित्र ग्रंथ काढल्यावर संग्राहकांत अशा रत्नांची हाव वाढली आणि जुन्या, निनावी खड्यांवर नव्या सह्या कोरल्या जाऊ लागल्या. डायोस्कुरिडीझचे नाव त्यांत वारंवार येते. जर्मन पुरातत्त्वज्ञ आडोल्फ फुर्टव्हेंगलर याने १८८८–८९ मध्ये या सह्या कसोशीने चाळल्या आणि अस्सल यादी बरीच आखडली.

यूटिकीझखेरीज हायलस आणि हेरोफिलस यांनीही ‘डायोस्कुरिडीझचा मुलगा’ अशी सही केली आहे. हेरोफिलसने सही केलेले फिरोजी काचेतील मस्तक व्हिएन्नात आहे. ते बहुधा टायबीरिअसचे असावे.