‘बजेट’ या शब्दाची पार्श्वभूमी

इंग्रजीत ‘बजेट’ हा शब्द पंधराव्या शतकात आला, तेव्हा त्याचा अर्थ कातड्याची लहान पिशवी एवढाच होता. तो जुन्या फ्रेंचमधील ‘बूझेत’ या शब्दावरून आला. ‘बूझ’ म्हणजे चामड्याची थैली आणि ‘बूझेत’ म्हणजे छोटी थैली. त्यामागे लॅटिनमधील ‘बुल्गा’ आहे, आणि तोही लॅटिनने प्राचीन गॉलमधील, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या परिसरातील, केल्टिक लोकांकडून घेतलेला. आयरिश भाषेत पिशवी किंवा पोट या अर्थाचा ‘बोल्ग’ हा शब्द आजही आहे, तर फुगवटा या अर्थाचा इंग्रजी ‘बल्ज’ याच कुळातला. शेक्सपिअरच्या ‘द विंटर्स टेल’मधील एका गाण्यात कल्हईवाल्यांच्या खांद्यावर डुकराच्या कातड्याचे ‘बजेट’ आहे. तेथे पैशाचा काही संबंध नाही, ती हत्यारांची पिशवी आहे.

पुढे पिशवीचे नाव तिच्यातल्या ऐवजालाही लागू झाले. बातम्यांचा, पत्रांचा किंवा गोष्टींचा साठा या अर्थाने ‘बजेट’ वापरले जाऊ लागले, आणि मदुराईत जन्मलेले गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या १८७२ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘अ बजेट ऑफ पॅराडॉक्सेस’ या ग्रंथाच्या नावात हाच अर्थ आहे. ‘आपले बजेट उघडणे’ म्हणजे मनात साठलेले बोलून टाकणे, असाही एक प्रयोग जुन्या इंग्रजीत रूढ होता.

राज्याच्या जमाखर्चाशी या शब्दाची गाठ पडली ती एका राजकीय टीकेमुळे. १७३३ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे प्रमुख मंत्री रॉबर्ट वॉल्पोल यांनी वाइन आणि तंबाखू यांवरील अबकारी कराची योजना आखली, तिला लोकांचा तीव्र विरोध झाला आणि अखेर ती मागे घ्यावी लागली. त्या वादात ‘द बजेट ओपन्ड’ या नावाची एक छोटी पुस्तिका निघाली, आणि तिने वॉल्पोल यांना औषधांची पोतडी उघडून बसलेल्या वैदूच्या रूपात उभे केले. विरोधकांनी टोचण्यासाठी वापरलेला हा शब्द त्याच शतकात सरकारी कामकाजाचा प्रतिष्ठित शब्द झाला, आणि फ्रेंचांनीही आपलाच जुना शब्द या नव्या अर्थासह इंग्रजीकडून परत घेतला. या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग मला हाच वाटतो, कारण करांचे बेत बंद पिशवीतून बाहेर काढून लोकांसमोर मांडले गेले पाहिजेत, ही अपेक्षा या शब्दाच्या नव्या अर्थात तेव्हापासूनच आहे.

भारतात ही पद्धत १८६० मध्ये आली. १८५७ चा उठाव मोडून काढताना झालेल्या खर्चामुळे तिजोरीवर मोठे कर्ज चढले होते. ते सावरण्यासाठी इंग्लंडहून आलेले जेम्स विल्सन यांनी कलकत्त्यात ब्रिटिश राजसत्तेखालील पहिला अर्थसंकल्प मांडला आणि प्राप्तिकर लागू करण्याचा प्रस्ताव ठेवला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते कलकत्त्यातच वारले. स्वतंत्र भारताचा पहिला अर्थसंकल्प आर. के. षण्मुखम चेट्टी यांनी २६ नोव्हेंबर १९४७ रोजी मांडला. राज्यघटनेच्या ११२ व्या अनुच्छेदात मात्र ‘बजेट’ हा शब्दच नाही. तेथे वार्षिक वित्तीय विवरणपत्र असा उल्लेख आहे, आणि राज्यांसाठी २०२ व्या अनुच्छेदातही तसाच.

पुढील वर्षाच्या जमाखर्चाचा आगाऊ अंदाज बांधण्याची रीत मराठी कारभाराला मुळीच नवी नव्हती. पेशवाईच्या दप्तरांत ‘अजमास’ आणि ‘बेहडा’ हे शब्द याच कामासाठी येतात. त्या व्यवहाराबरोबर ते शब्दही मागे पडले, याची हळहळ वाटते, कारण कारकुनी कामात घासून तयार झालेले असे नेमके शब्द पुन्हा घडवणे अवघड असते.

आज मराठीत या एका इंग्रजी शब्दासाठी निरनिराळे पर्याय आहेत आणि ते सगळीकडे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. केंद्र आणि राज्य सरकारच्या संदर्भात ‘अर्थसंकल्प’ हा शब्द पक्का झाला असून त्यात निश्चयाची छटा आहे. ‘अंदाजपत्रक’ महापालिकांच्या कारभारात अजूनही वावरते, शिवाय रस्त्याच्या किंवा इमारतीच्या कामाचा अपेक्षित खर्च मांडणारा कागदही अंदाजपत्रकच असतो. ‘ताळेबंद’ हा मात्र पर्याय नव्हे, कारण तो ठरलेल्या तारखेला मालमत्ता किती आणि देणी किती हे दाखवतो, तर बजेट पुढच्या काळाविषयी बोलते.

बोलीतले ‘बजेट’ या सर्वांहून वेगळे आहे. घर पाहायला आलेल्या माणसाला दलाल ‘तुमचं बजेट किती?’ असे विचारतो, तेव्हा त्याला आराखडा नको असतो. खर्चाची मर्यादा हवी असते, आणि तेथे ‘ऐपत’ हा शब्द अर्थाने जवळचा असला तरी तो ऐकणाऱ्याला लागतो. ‘बजेट हॉटेल’मध्ये तर हा शब्द विशेषण होऊन ‘स्वस्त’ असाच अर्थ देतो, आणि तेथे ‘अर्थसंकल्प’ किंवा ‘अंदाजपत्रक’ यांपैकी काहीच बसत नाही. ‘परवडणारे’ म्हटले की पुरते.