दशांशाचे दावे व कॉलेजांच्या रेक्टरी जमिनी

इंग्लंडमधील पॅरिशच्या (एका चर्चच्या हद्दीतील प्रदेशाच्या) शेतीउत्पन्नाचा दहावा हिस्सा (दशांश) आणि रेक्टरपदाला (पॅरिशच्या मुख्य धर्मगुरूच्या पदाला) जोडलेल्या जमिनी यांवरून मध्ययुगापासून चालत आलेले दावे. धान्य, गवत व लाकूड यांचा मोठा दशांश रेक्टरचा आणि बाकीचा लहान दशांश विकरचा (रेक्टरच्या जागी उपासना चालवणाऱ्या धर्मगुरूचा), अशी सर्वसाधारण वाटणी होती.

दशांश सक्तीचा केव्हा झाला, याविषयी मतभेद आहेत. जुने लेखक एथेलवुल्फ राजाच्या इ. स. ८५५ च्या सुमाराच्या दानाचा दाखला देत. परंतु त्या दानाचा संबंध दशांशाशी असेलच असे नाही. दंडासह सक्ती दहाव्या शतकातील एडगर राजाच्या कायद्यात स्पष्ट दिसते, म्हणून तोच आधार अधिक भक्कम वाटतो. दशांशाचा हक्क दैवी आज्ञेवर नव्हे, तर रूढी व देशाच्या कायद्यावर उभा आहे, असे सूचित करणारी मांडणी जॉन सेल्डन याने १६१८ मध्ये केली. ती प्रसिद्ध केल्याबद्दल त्याला दिलगिरी व्यक्त करावी लागली. मांडणी मात्र त्याने मागे घेतली नाही.

मठ आणि कॉलेजे रेक्टरी (रेक्टरपद, त्याचा दशांश व जमिनी) स्वतःकडे घेऊन उपासनेसाठी विकर नेमत. मठ बरखास्त झाल्यावर (१५३६–४०) त्यांच्या रेक्टरी राजाकडे व पुढे सरदार, कॉलेजे यांच्याकडे गेल्या. कॉलेजे त्या पट्ट्याने देत, त्यामुळे दशांशाच्या पेंढ्या मोजून घेणारा बहुधा पट्टेदारच असे. १५७१ च्या कायद्याने हे पट्टे २१ वर्षे किंवा तीन हयातींपुरते (नावे दिलेल्या तीन व्यक्तींच्या आयुष्यापुरते) मर्यादित केले. १५७६ च्या कायद्याने खंडाचा एक तृतीयांश भाग गहू व माल्टच्या रूपात ठरवला. गव्हाचा दर क्वार्टरला (धान्याचे जुने माप) ६ शिलिंग ८ पेन्सहून अधिक धरायचा नव्हता. पुढे भाव चढले, पण खंडातील धान्य या जुन्या दरानेच मोजले जात असल्याने फायदा कॉलेजांना झाला. या तरतुदीचे श्रेय परंपरेने सर टॉमस स्मिथ याला देतात.

शेतकऱ्याचा नेहमीचा बचाव ‘मोडस’ हा असे, म्हणजे वस्तूऐवजी पूर्वापार दिली जाणारी ठरावीक रक्कम. १५४९ च्या कायद्यात दशांश बाजूला न काढता पीक नेल्यास तिप्पट भरपाईची तरतूद होती. १८३६ मध्ये दशांशाचे रोख आकारणीत रूपांतर झाले.

चर्चच्या चॅन्सलची (वेदीजवळच्या भागाची) दुरुस्ती हा रेक्टरचा भार मात्र जमिनीबरोबर खरेदीदाराकडे जाई. विकमब्रुक खटल्यात (१९३५) अशा जमिनीच्या एका हिस्सेदारावरही संपूर्ण खर्चाची जबाबदारी टाकण्यात आली. अ‍ॅस्टन कँटलो प्रकरणी २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने) हा भार कायम ठेवला. १३ ऑक्टोबर २०१३ नंतर मोबदला देऊन जमीन घेणाऱ्यावर तो नोंदणीशिवाय सहसा बंधनकारक राहत नाही.